राज्यशास्त्रासाठी उचललेली चिट्टी

मुलीने एम.ए. करायचं म्हटलं तेव्हा मी उडदाचं पीठ मळत होते. ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला पुढे शिकायचंय. राज्यशास्त्र."

"ते काय असतं?"

"सरकार कसं चालतं, कायदे कोण करतं, कुणाच्या हातात किती सत्ता असते, ते सगळं."

"सरकार चाललंय की. तुझ्यावाचून अडलंय का त्याचं काही?"

ती हसली. मी थट्टा करत नव्हते. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या गावच्या शाळेत त्यापुढे वर्गच नव्हता. मुलगी बी.ए. झाली त्यातही हाच विषय होता, पण तेव्हा मी विचारलं नव्हतं. बी.ए. म्हणजे लग्न जमेपर्यंतचा वेळ, असं मी धरून चालले होते. आता प्रश्न पैशाचा होता, म्हणून विचारलं.

आमचं घर तेलुगू मुलखात, काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. नवरा मालवाहतुकीच्या एका लहानशा ऑफिसात पावत्या फाडायचा. मी पापड, मेतकूट, भाजणी आणि काळा मसाला करून विकायची. गिऱ्हाईक बहुतेक मराठी घरांतलं. त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकऱ्यांवर आलेली माणसं शहरात वाढायला लागली होती. त्यांच्या बायका माझ्याकडे यायच्या आणि भाव न करता पैसे द्यायच्या. भाव न करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या रस्त्यावर खाली किराणा आणि वर कंप्युटरचा क्लास, अशी दुकानं झाली होती. गल्लीतला प्रत्येक बारावी झालेला पोरगा तिथे जायचा. काय शिकतो ते त्यालाही सांगता येत नसे, पण शिकून किती मिळणार ते त्याच्या आईला तोंडपाठ असायचं.

माझ्या मुलीला त्यात रस नव्हता. ती पेपर वाचायची आणि माझ्याशी भांडायची. मराठी तिला नीट वाचता येत नसे, इंग्रजी पेपर वाचून मला मराठीत सांगायची. मला ते आवडायचं. पण आवडणं वेगळं आणि फी भरणं वेगळं. विद्यापीठातली फुकटची जागा तिची थोड्या मार्कांनी हुकली होती. पैसे भरून मिळणाऱ्या जागा तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या. सगळे त्याला पेमेंट सीट म्हणायचे. दोन वर्षांची फी, पुस्तकं, बस, आणि तेवढी वर्षं तिची काही कमाई नाही, हे सगळं धरलं तर आमच्या घराच्या मानाने ते मोठंच कर्ज होतं. शिक्षणासाठी बँक आमच्यासारख्याला दारात उभं करत नव्हती.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "शिकू दे की. पैशाचं बघ काहीतरी."

बघ म्हणजे मी बघ. हे वाक्य त्याने जन्मभर वापरलं.

मी कुठलीही वस्तू घेताना आधी बाजारात भाव काढते. त्याच आठवड्यात बेगम बाजारला धणे-मिरच्या आणायला गेले तेव्हा तिथल्या नेहमीच्या मारवाडी दुकानदाराला विचारलं, राज्यशास्त्र शिकलेल्या मुलीला पगार किती मिळतो?

तो म्हणाला, "क्या सिखाते अम्मा उसमें?"

"सरकार कैसा चलता, वो."

"चलाने वाले तो पढ़े नहीं. ये पढ़ के क्या करेगी?"

दुकानातली माणसं हसली. तराजूवरचा नोकर म्हणाला, "हमारे पास भेजो, मिर्ची तौलेगी." मी मिरच्या घेतल्या आणि निघाले. त्यानंतर गिऱ्हाईक बायकांना विचारलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबाला विचारायला लावलं. कुणी म्हणे शाळेत मास्तरीण होईल, कुणी म्हणे त्याला बी.एड. लागतं. कुणी म्हणे सरकारी परीक्षा दे म्हणावं. आकडा कुणीच सांगेना. कंप्युटरचा आकडा विचारा, लगेच मिळत होता. मी घरी येऊन मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू माझा भाव काढत फिरलीस?"

"तुझा नाही. डिग्रीचा."

"एकच झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पैसे उभे करायला माझ्याकडे एकच मार्ग होता, चिट्टी. महाराष्ट्रातल्या बायका भिशी म्हणतात तेच, पण इकडे त्यात लिलाव असतो. आमची वीस बायकांची चिट्टी होती. मागच्या गल्लीतली एक तेलुगू विधवा ती चालवायची. तिला सगळ्या अक्का म्हणत. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे आणि ती सगळी रक्कम एकीने उचलायची. जिला गरज आहे तिने बोली लावायची, म्हणजे मी इतके कमी घेईन, असं म्हणायचं. जी सगळ्यांत जास्त सोडेल तिला चिट्टी मिळे आणि सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेत. सुरुवातीला उचलायची तर बरंच पाणी सोडावं लागे, शिवाय हप्ते शेवटपर्यंत भरायचेच.

अक्काचा एक नियम होता. घरात आजारपण किंवा मुलीचं लग्न असेल तर तिच्यावर कुणी बोली लावायची नाही. तिने नुसतं सांगायचं आणि पूर्ण रक्कम घेऊन जायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कुणी खोटं बोलेल असं कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण लग्नाला सगळ्याच जेवायला जाणार होत्या.

त्या महिन्यात माझी शेजारीणही चिट्टी उचलायला आली होती. तीही तेलुगूच. मला वदिना म्हणायची, म्हणजे वहिनी. तिच्या नवऱ्याला कारखान्याने एकदम थोडे पैसे हातात देऊन घरी बसवलं होतं. तेव्हा तशी बरीच माणसं घरी बसली होती. त्याला स्टेशनसमोरच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ टाकायचा होता. जागेच्या मालकाला अनामत द्यायला पैसे कमी पडत होते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

अक्काने विचारलं, "कौन उठाते?"

मी म्हणाले, "मैं. बच्ची के वास्ते."

मी एवढंच बोलले. मुलीसाठी. लग्न हा शब्द मी उच्चारला नाही. पण तेवीस वर्षांच्या मुलीची आई चिट्टी मागते म्हणजे कशासाठी, हे त्या खोलीत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. एकदम गलका झाला. "मुबारक, मुबारक!" "लड़का कहाँ का?" अक्का म्हणाली, "आता नका विचारू, नजर लागते. पत्रिका छापली की सांगेल." शेजारीण माझ्या बाजूलाच बसली होती. ती बोली लावायच्या तयारीने आली होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "घे वदिना. आमचं पुढच्या महिन्यात बघू."

मी तोंड उघडायला हवं होतं. मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणणार नाही, भरपूर वेळ होता. चहा झाला, पैसे मोजून झाले, सगळ्या जिना उतरल्या. प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की आता सांगते. पण पूर्ण रक्कम पदरात पडली होती आणि बोली लागली असती तर तिच्यातली पाव तरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी फी भरायची शेवटची मुदत होती. मुलीने ती भरली. संध्याकाळी शेजारीण आमच्याकडे आली. ताटात नारळ, खण आणि हळद-कुंकू. आमच्यातली रीत तिने माझ्याकडूनच पाहून घेतली होती. दार मुलीने उघडलं.

"बैस गं नवरीबाई," शेजारीण म्हणाली. "ओटी भरते."

"कुणाची?" मुलीने विचारलं. "कुणाचं लग्न आहे?"

मी आतून बाहेर येईपर्यंत शेजारणीला सगळं समजलं होतं. मी सांगितलं की पैसे फीसाठी घेतलेत. तिने ताट खाली ठेवलं नाही. तसंच हातात धरून तिने विचारलं, "फी भरली?"

"सकाळीच."

"मग झालं," ती म्हणाली आणि ताट घेऊन परत गेली.

मुलीने मला जे विचारलं ते मी इथे लिहीत नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याच संध्याकाळी अक्काकडे गेले आणि खरं ते सांगितलं. अक्का रागावली नाही, त्याने मला जास्त लाज वाटली. तिने रविवारी सगळ्यांना बोलावलं. मुलीला मी येऊ नको म्हटलं होतं, ती माझ्यामागून आलीच.

बायका मला फार बोलल्या नाहीत. त्यांनी मुलीलाच धरलं.

"काय शिकणार गं?"

"राज्यशास्त्र."

"शिकून कमावणार किती?"

"माहीत नाही."

"कंप्युटर क्यों नहीं सीखते जी? मेरा भतीजा सीख रहा."

"मला नको आहे."

"नको आहे!" एकजण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. "पैसा हमारा, और इसको नक्को."

शेजारीण पुढे सरकली. ती म्हणाली, "आमचा बूथ महिन्याला काय देईल ते मी इथे बोटावर सांगू शकले असते. हिला स्वतःची डिग्री काय देईल ते सांगता येत नाही. तरी पैसे हिला मिळाले. पढ़े-लिखे लोगां."

मुलगी मान वर करून सगळं ऐकत होती. मी तिची आई, त्यात एक शब्द बोलले नाही. बोलायला माझ्याकडे काही नव्हतंच, कारण त्या विचारत होत्या तेच मी महिनाभर बाजारात विचारत फिरले होते.

अक्काने निवाडा केला. बोली लागली असती तर जितके पैसे सुटले असते तितके मी हप्त्यांबरोबर थोडे थोडे करून सगळ्यांना द्यायचे. पुढच्या महिन्याची चिट्टी बोलीशिवाय शेजारणीला. मला ते कबूलच होतं. पण मी हो म्हणायच्या आत मुलगी म्हणाली, "ते जास्तीचे पैसे मी भरीन. हप्ताही मी भरीन."

"कुठून?" अक्काने विचारलं.

"मिळवीन."

मी तिला अडवायला हवं होतं. उसने मी घेतले होते, घोळ मी घातला होता. पण मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या बायकांत माझ्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर हप्त्याचं ओझं उतरलं म्हणूनही.

शेजारणीला पुढच्या महिन्यात चिट्टी मिळाली. तोवर कोपऱ्यावरची जागा मालकाने दुसऱ्याला देऊन टाकली होती. तिच्या नवऱ्याने बूथ आतल्या गल्लीत टाकला. रेल्वेतून उतरणारी माणसं तिथवर पोचत नसत. बूथ चालायचा, पण बेताचाच. त्यावरून ती मला कधी टाकून बोलली नाही. फक्त तिने वदिना म्हणायचं बंद केलं. "ओ पापडवाली," अशी हाक मारायची आणि पापडाचे पैसे मोजून द्यायची, पूर्वी देत नसे आणि मी घेतही नसे.

मुलीने महिन्याभरात काम शोधलं. विद्यानगरला एका टिफिन सेंटरच्या, म्हणजे इडली-डोशाच्या दुकानाच्या, वरच्या मजल्यावर सरकारी परीक्षांचा क्लास होता. जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेली मुलं तिथे खोल्या घेऊन राहायची आणि वर्षानुवर्षं परीक्षा द्यायची. सगळं शहर कंप्युटरच्या मागे लागलेलं असताना सरकारी नोकरी हवी असणारेही काही कमी नव्हते. त्यांना राज्यघटना शिकवायला माणूस हवं होतं. माझी मुलगी सकाळी विद्यापीठात शिकायची आणि संध्याकाळी तेच तिथे शिकवायची. घसा बसलेला असायचा. घरी आली की मी तिला हळद-दूध द्यायची आणि ती मला हप्त्याचे पैसे द्यायची. आमचं बोलणं तेवढ्यावरच येऊन थांबलं. पेपर वाचून भांडणं बंद झालं, तिला वेळच नसे.

क्लासवाल्याने वर्षभरात तिचे पैसे वाढवले, मग पुन्हा वाढवले. मुलं तिच्या नावाने यायला लागली. मला फार बरं वाटलं. मी बेगम बाजारच्या दुकानदाराला मुद्दाम जाऊन सांगितलं. त्याने मिरच्यांबरोबर मूठभर वेलदोडे वर घातले.

दोन वर्षं संपत आली, चिट्टीही संपत आली. एका दुपारी मुलगी लवकर घरी आली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मला पूर्वीसारखा दिसला. तिच्या विद्यापीठातल्या बाईंनी तिला संशोधनाला ये म्हटलं होतं. पंचायतींमध्ये बायकांसाठी जागा राखून ठेवायला नुकतीच सुरुवात झाली होती. निवडून आलेल्या बायका तिथे काय करतात, सही कोण करतं, बोलतं कोण, हे तिला आमच्या गावाकडच्या भागात राहून बघायचं होतं. तिथली मराठी तिला बोलता येते म्हणून बाईंना तीच हवी होती.

"तुझ्या गावालाही जाईन," ती म्हणाली. "तू सांगतेस ना, पाटलाच्या समोर बायका चप्पल हातात घेऊन जायच्या? आता तिथे सरपंच बाई आहे. तिच्याकडे जाऊन राहीन."

मी विचारलं, "किती देतात?"

तिने सांगितलं. क्लासमध्ये मिळत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी.

"आणि किती वर्षं?"

"चार. पाच लागतील."

"मग पुढे?"

"पुढचं माहीत नाही. पण हप्ता तर आता संपलाच ना, आई?"

मी नवीन चिट्टीत नाव घातलं होतं. आदल्याच आठवड्यात. गच्चीवर एक खोली बांधून भाड्याने द्यायची असं माझ्या डोक्यात होतं. तिच्या लग्नालाही कामी येईल असं मी स्वतःला सांगितलं होतं. ही चिट्टी पहिलीच्या दुप्पट होती आणि माझ्या पापडांतून तिचा हप्ता निघण्यासारखा नव्हता. तिच्या पगाराच्या भरवशावर नाव घातलं होतं, तिला न विचारता.

तिला हे सांगितलं. तिने खांद्यावरची पिशवी काढून ठेवली. मग म्हणाली, "अजून पहिला लिलाव नाही झालेला ना? नाव काढून घे."

नाव काढून घेता येत होतं. अक्काकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य मला त्याच खोलीत, त्याच बायकांसमोर बोलावं लागणार होतं. मी म्हणाले, "एकदा माझं तोंड काळं झालंय तिथे. आता पुन्हा जाऊन काय सांगू, मुलीला अजून शिकायचंय म्हणून?"

"तेच सांग."

"मला नाही जमायचं."

तिने वाद घातला नाही. पूर्वीची असती तर घातला असता. तिने घड्याळ बघितलं, तोंड धुतलं आणि क्लासला गेली. बाईंना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असणार.

नव्या चिट्टीचा पहिला हप्ता भरायला मी गेले तेव्हा मुलीने दिलेल्या कोऱ्या नोटा सगळ्यांनी पाहिल्या. शेजारीण म्हणाली, "वसूल हो गई जी तुम्हारी बच्ची." सगळ्या हसल्या. ती टोमणा मारत होती की कौतुक करत होती, कोण जाणे. मीही हसले.

खोली बांधली. भाडं येतं. मुलीचं लग्न झालं, तेही तिने स्वतःच्या पैशाने केलं. आता विद्यानगरला तिचा स्वतःचा क्लास आहे, दोन मजले. त्या वेळी कंप्युटर शिकलेल्या गल्लीतल्या पोरांपैकी काही अमेरिकेला गेले, काही फोनच्या दुकानात बसतात. त्या बायकांनी आज कमाईचा प्रश्न विचारला तर मी आकडा सांगू शकते आणि तो मोठा आहे. डिग्रीने घातलेला पैसा कितीतरी पटीने परत दिला. म्हणून मला हे कुणापाशी बोलता येत नाही. काही बुडालं असतं तर रडता तरी आलं असतं. इथे नफा झालाय, आणि नफ्यावर तक्रार करणाऱ्या म्हातारीला लोक वेडी म्हणतील.

पण ती शिकायला निघाली होती कशासाठी, ते मला माहीत आहे. ती मला सांगायची, पीठ मळताना. त्यातलं तिने काही केलं नाही. गेली कितीतरी वर्षं ती तीच कलमं त्याच क्रमाने नव्या नव्या पोरांना शिकवते. चांगली शिकवते म्हणे. सरकारात जायचंय त्यांना ती आत पोचवते आणि संध्याकाळी पाय सुजलेले घेऊन घरी येते.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली होती. भाजी निवडत बसलो होतो. मी म्हणाले, "तुझं ते गावाकडचं करायचं राहूनच गेलं."

"कुठलं?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती मुद्दाम विचारते आहे की खरंच विसरली आहे, ते मला ओळखता आलं नाही. दोन्हींपैकी काय असलं तर बरं, तेही मला ठरवता आलं नाही. मी मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "काही नाही. ही घे, जून पानं काढ."